सिंकखालचा बॉक्स कशाचा, हे कोटेशनमध्ये लिहा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की मला एकाच तक्रारीचे फोन येतात : किचन नवंकोरं आहे, पण सिंकखालच्या कपाटाचा, म्हणजे बॉक्सचा, तळ फुगलाय. मी लालबाग-परळ भागात सुतारकाम करतो. चाळीतून टॉवरमध्ये गेलेल्या माणसांचे पैसे असे पाण्यात जाताना बघवत नाही, म्हणून लिहितोय.

गिऱ्हाइकाला दाखवतात ती वरची सनमायका. ती पाण्याला दाद देत नाही, हे खरं. आत मात्र बहुतेकदा पार्टिकल बोर्ड असतो, म्हणजे गोंदात दाबलेला लाकडाचा चुरा. वेस्ट पाइपसाठी तळाला भोक पाडतात आणि त्याची कड तशीच कच्ची सोडतात. ट्रॅप, म्हणजे सिंकखालचा वाकडा पाइप, ठिबकू लागला की पाणी तिथूनच आत शिरतं. एकदा फुगलेला बोर्ड वाळला तरी बसत नाही. बिजागरीचा स्क्रू नुसत्या बोटांनी निघतो, मागोमाग ओला भुसा हातात येतो. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड, त्याचीही तीच गत. एचडीएचएमआर, म्हणजे त्याच जातीचा जास्त घट्ट, ओल सोसणारा बोर्ड, जास्त तग धरतो, पण साचलेल्या पाण्यात तोही फुगतो.

प्लाय म्हटलं की झालं, असंही नाही. एमआर, म्हणजे कमर्शियल प्लाय, दमट हवेपुरता ठीक. सतत भिजला की पापुद्रे सुटतात. मरीन प्लायवर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असतो. ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर सुटता कामा नयेत, अशी त्याची चाचणी. बीडब्ल्यूआर ही एमआर आणि मरीनच्या मधली ग्रेड, तिची चाचणी ८ तासांची. कापलेल्या तुकड्यावर शिक्का सापडत नाही, म्हणून अख्खी शीट आली की तेव्हाच बघून घ्यावी. पीव्हीसी बोर्ड फुगत नाही, पण लांब फळीवर धान्याचे डबे ठेवले की वाकतो.

तळमजल्यावर पाणी घरात येत असेल तर माझा कौल कडाप्प्याला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, त्यानंतर मी कुर्ल्यात कामाला गेलो होतो. प्लायची कपाटं रस्त्यावर पडली होती. कडाप्प्याचे ओटे धुऊन पुसून पुन्हा वापरात आले होते.

'वॉटरप्रूफ किचन' एवढ्यावर सही करू नका. बोर्डाचा प्रकार, ग्रेड, जाडी कोटेशनमध्ये लिहून घ्या. पुनर्विकासात किचन बिल्डर देणार असेल तर सोसायटीच्या कमिटीने हे करारातच घालावं. सगळं ७१० मध्ये परवडत नसेल तर निदान सिंकखालचा एक बॉक्स त्यात करा. आणि भोकाची कड सिलिकॉनने बंद करून घ्या, तीही पाइप बसवण्याआधी. नंतर तिथे हात पोचत नाही.

– एक सुतार, लालबाग