हवामान धोरणातून शास्त्रज्ञांच्या अंदाजांची कक्षा गाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रादेशिक हवामान धोरणांच्या मसुद्यांत वैज्ञानिक अहवालांचे दाखले हल्ली हमखास असतात, ही चांगलीच गोष्ट आहे. अडचण पुढे येते. मूळ अभ्यासात पावसातील बदलाची कक्षा, म्हणजे किमान ते कमाल अंदाज, दिलेली असते, कधी घट आणि वाढ दोन्ही संभवतात असेही स्पष्ट म्हटलेले असते. मसुद्यात मात्र त्या कक्षेच्या मधोमधचा एकच आकडा उरतो आणि धरणाची क्षमता, पुलाची उंची, पाणीवाटप हे सारे त्याच आकड्यावर बेतले जाते.

याची किंमत किती दीर्घकाळ मोजावी लागते, हे अमेरिकेतील कोलोरॅडो नदीने दाखवून दिले आहे. 1922 च्या करारात खोऱ्याचे दोन भाग करून प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला 75 लाख एकर-फूट पाणी देण्यात आले (एक एकर-फूट म्हणजे एक एकर जमिनीवर एक फूट उंचीपर्यंत साचेल इतके पाणी). हिशेब ज्या नोंदींवर बेतला होता, त्या नेमक्या भरपूर पाण्याच्या वर्षांतल्या होत्या. प्रवाह कमी असल्याचे इशारे त्याच दशकात दिले गेले, पण ते मागे पडले. 1976 मध्ये झाडांच्या वार्षिक वलयांवरून काढलेला कित्येक शतकांचा सरासरी प्रवाह सुमारे 1 कोटी 35 लाख एकर-फूटच भरला, म्हणजे दोन्ही वाट्यांच्या बेरजेहून 15 लाखांनी कमी. तोवर या नदीवर हूवर धरणासह मोठे प्रकल्प उभे राहिले होते.

आजचे अंदाज ज्यांतून येतात ती जागतिक हवामान प्रारूपे, म्हणजे हवामानाचे संगणकीय नमुने, पृथ्वीचे साधारण 100 किलोमीटर रुंदीचे चौकोन पाडून हिशेब करतात. ‘कॉर्डेक्स’सारख्या आंतरराष्ट्रीय उपक्रमांतील, एकेका प्रदेशापुरती प्रारूपे हे चौकोन 12 ते 50 किलोमीटरपर्यंत आणतात, त्यामुळे डोंगर आणि किनारे अधिक नीट उमटतात, पण मूळ जागतिक प्रारूपातील चूक त्यांच्यातही उतरते. नकाशा बारीक झाला म्हणून अंदाज खात्रीचा झाला, असे धोरणकर्त्यांनी समजू नये आणि त्यांना तसे समजू देणाऱ्या सल्लागारांनाही जाब विचारला जावा.

अनिश्चितता मान्य केली की निर्णयच घेता येत नाही, हा आक्षेप मला पटत नाही. लंडन परिसराच्या पूरसंरक्षणासाठी 2012 मध्ये जाहीर झालेल्या ‘थेम्स एस्च्युअरी 2100’ (थेम्स नदीच्या खाडीसाठीच्या) योजनेत समुद्रपातळीच्या टोकाच्या, 2.7 मीटर वाढीपर्यंतच्या शक्यता विचारात घेतल्या आहेत. कोणते निर्देशक मोजायचे आणि वाढीचा वेग बदलला तर कोणते काम आधी हाती घ्यायचे, हे तिच्यात आधीच ठरवलेले आहे. कोणत्याही प्रदेशाला असे करता येईल; त्यासाठी शास्त्रज्ञांना मसुदा तयार झाल्यावर सहीसाठी बोलावण्याऐवजी प्रश्न ठरवतानाच सोबत घ्यावे लागेल.

माझी मागणी साधी आहे. हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक मसुद्यात वापरलेल्या अंदाजांची पूर्ण कक्षा, ते कोणत्या कालखंडाच्या नोंदींवर आधारलेले आहेत याचा उल्लेख आणि फेरआढाव्याची तारीख लोकांच्या भाषेत छापणे बंधनकारक करावे.

आपला विश्वासू,
एक वाचक