मुलाखत की जाहिरात?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात एका नवउद्योगाच्या संस्थापकांची मुलाखत वाचली. ‘आमची प्रणाली आजार आधीच ओळखते’, ‘आमची प्रणाली निर्णय घेते’ अशी ठाम विधाने त्यांनी केली आहेत. परंतु त्यांपैकी आज प्रत्यक्षात काय चालते आणि कशाची अजून नुसतीच आशा आहे, हे आपल्या प्रतिनिधीने एकदाही विचारलेले नाही, याचा मला मनस्वी संताप आला.

माझ्या वडिलांना हृदयविकार आहे. हृदयाची लय बिघडताच सावध करणारा, डॉक्टरांसारखा चोवीस तास सोबत राहणारा, अशी ज्याची जाहिरात होती, तो कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा मनगटी पट्टा आम्ही त्यांच्यासाठी घेतला. एका रात्री त्यांना धाप लागली, छातीत धडधडू लागले, आणि पट्टा मात्र सर्व काही ठीक असल्याचे दाखवत राहिला. त्यावर विसंबून त्यांनी पहाटेपर्यंत कोणाला उठवले नाही. केवळ सुदैवाने निभावले. कंपनीकडे तक्रार केली तेव्हा उत्तर आले की, हे उत्पादन सर्वसाधारण माहितीसाठी असून ते वैद्यकीय उपकरण नाही, आणि तसे अटी व शर्तींमध्ये नमूद केले आहे. जाहिरातीतले वाक्य ग्राहकासाठी लिहिलेले असते आणि अटींमधले न्यायालयासाठी, हे मला तेव्हा कळले.

हा प्रकार एका कंपनीपुरता नाही. अमेरिकेतील निकोला या ट्रक बनवणाऱ्या कंपनीने २०१८ मध्ये आपला ट्रक रस्त्यावर धावत असल्याची चित्रफीत प्रसिद्ध केली. प्रत्यक्षात तो उतारावरून घरंगळत होता. २०२० मध्ये हे उघडकीस आल्यावर कंपनीचा खुलासा असा की, ट्रक स्वतःच्या शक्तीवर चालतो आहे, असे आम्ही म्हटलेच नव्हते. थेरानोस या अमेरिकेतील रक्तचाचणी कंपनीच्या संस्थापक एलिझाबेथ होम्स यांनी रक्ताच्या काही थेंबांत असंख्य चाचण्या होत असल्याचे सांगितले, पण बहुतेक चाचण्या इतर कंपन्यांच्या नेहमीच्या यंत्रांवर होत होत्या. जानेवारी २०२२ मध्ये ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले ते गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल. रुग्णांच्या फसवणुकीच्या आरोपांतून त्या सुटल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराबद्दल खोटे दावे केल्यावरून अमेरिकेच्या रोखे नियामकाने मार्च २०२४ मध्ये दोन कंपन्यांवर कारवाई केली, त्याही गुंतवणूक सल्लागार कंपन्याच होत्या. पैसे गुंतवणाऱ्याची दाद निदान कुठेतरी लागते. त्याच शब्दांवर विश्वास ठेवून ज्याने आपला जीव त्या यंत्राच्या हवाली केला, त्याने कुठे जायचे?

नव्या कल्पनेला भांडवल मिळवण्यासाठी उद्योजकाला उद्याचे चित्र रंगवावे लागते, हे मला मान्य आहे. मात्र जे अजून घडायचे आहे ते ‘घडेल’ म्हणूनच सांगितले पाहिजे, आणि आरोग्याच्या बाबतीत तर याला कोणतीही सवलत असता कामा नये.

आपल्या वृत्तपत्राबद्दलही माझी एक तक्रार आहे. त्याच पानाच्या तळाशी, भिंगाशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत ‘प्रायोजित’ हा शब्द छापलेला आहे. तो त्या मुलाखतीला लागू होता की शेजारच्या मजकुराला, हे पुन्हा पुन्हा पाहूनही मला ठरवता आले नाही. मुलाखतीसाठी पैसे घेतले असतील, तर ते मथळ्याइतक्याच ठळक अक्षरांत छापावे. घेतले नसतील, तर त्या प्रणालीची चाचणी कोणत्या स्वतंत्र संस्थेने, किती रुग्णांवर केली, हे संस्थापकांना विचारून त्यांचे उत्तर त्याच पानावर प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक