सूचना : मालवण सागरी अभयारण्यातील नांगर आणि जाळ्यात सापडणारी कासवे

सर्व होडीमालक, मच्छीमार व गाईड सभासदांस कळविण्यात येते की, पर्यटन हंगाम सुरू होत असल्याने, १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्रात, आणि विशेषतः सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांच्या आसपासच्या गाभा क्षेत्रात, प्रवाळावर नांगर टाकणे कटाक्षाने टाळावे.

गेल्या हंगामात तळाशी उतरलेल्या आपल्याच सभासदांनी एका प्रवाळाच्या गड्ड्यावर नांगराच्या दाताने पडलेली हातभर पांढरी खाच पाहिली. प्रवाळाची वाढ अतिशय संथ असते, त्यामुळे अशी जखम भरून यायला वर्षे लागतात. होडी बोयाला (पाण्यावर तरंगणाऱ्या, तळाशी पक्क्या केलेल्या खुणेला) बांधावी. बोया मोकळा नसेल तर वाळूचा तळ पाहूनच नांगर सोडावा. पर्यटकांना प्रवाळावर उभे राहू देऊ नये, माशांना पाव किंवा बिस्किटे टाकू देऊ नयेत.

जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमुशी बहिरी (व्हेल शार्क) अडकल्यास जाळे कापून त्या प्राण्याला सोडावे. अशा वेळी झालेल्या नुकसानीपोटी राज्य शासनाच्या २०१८ च्या योजनेनुसार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सुटका करतानाची छायाचित्रे पुरावा म्हणून लागतात, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही, म्हणून मोबाईल हाताशी ठेवावा.

पाण्याखालची माहिती जशी आपल्याला आहे तशी कोणत्याही नकाशात नाही. तेव्हा बोयांच्या जागा ठरविण्यासाठी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता होणाऱ्या बैठकीस रापणकर (किनाऱ्यावरून रापण जाळे ओढणाऱ्या) मंडळींसह सर्वांनी उपस्थित राहावे, ही आग्रहाची विनंती.