मंजूस पत्र: हेलेन वायगेलबद्दल

प्रिय मंजू,

तुझं पत्र मिळालं. आईची भूमिका चालून आली आहे आणि इतक्या वर्षांनी जमेल का, म्हणून तू उत्तर लांबवते आहेस, हे वाचलं आणि मला जर्मन रंगभूमीवरची नटी हेलेन वायगेल आठवली. आपल्याकडे तिची ओळख नाटककार ब्रेख्तची बायको एवढ्यावरच संपते, याचं मला फार वाईट वाटतं.

जन्म १९०० सालचा, व्हिएन्नाच्या ज्यू घरातला. बर्लिनमध्ये नाव झालं. १९३२ साली ब्रेख्तच्या ‘आई’ नाटकात तिनं पेलागेया व्लासोव्हा, म्हणजे त्यातली आई, उभी केली आणि पुढच्याच वर्षी, हिटलर सत्तेवर आल्यावर राइशस्टागला, म्हणजे जर्मन संसदेला, आग लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी, जर्मनी सोडावी लागली. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, शेवटी अमेरिका. दोन मुलं, परकी भाषा, येणाऱ्याजाणाऱ्यांचं घर. पॅरिसला निर्वासितांच्या प्रयोगांत थोडं काम मिळालं. हॉलिवुडनं मात्र १९४४च्या ‘द सेव्हन्थ क्रॉस’मध्ये एक चिमुकली भूमिका दिली, तीही बिनसंवादाची. ऐन चाळिशीतल्या नटीला!

युद्धानंतर युरोपात परतल्यावर १९४८ साली स्वित्झर्लंडमधल्या कूर गावी तिनं ब्रेख्तच्या ‘अँटिगनी’ नाटकात अँटिगनी केली. आणि जानेवारी १९४९मध्ये, उद्ध्वस्त बर्लिनमध्ये, ब्रेख्तच्याच नाटकातली ‘मदर करेज’. युद्धामागून गाडी ओढत माल विकणारी बाई. मुलाला सोडवण्यासाठी लाच द्यायची, तर ती घासाघीस करत बसते आणि तेवढ्यात गोळ्या सुटल्याचा आवाज येतो. वायगेलची मान मागे जाते, तोंड पूर्ण उघडतं, पण आवाज फुटत नाही. मग प्रेत आणून दाखवतात, तेव्हा ‘ओळखत नाही’ म्हणायचं.

मंजू, ही मुद्रा बहुधा एका वृत्तपत्रातल्या छायाचित्रातून आली असावी, असं ब्रेख्तनं नोंदवलंय. सिंगापूरवर तोफा डागल्या गेल्या तेव्हा मेलेल्या मुलाजवळ बसलेली एक भारतीय बाई. वायगेलला विचारलं, तर तिला ते छायाचित्र आठवत नव्हतं! मला यावर विश्वास ठेवायला जड जात नाही. पडद्यामागच्या त्या वर्षांत तिनं पाहिलेलं असं कितीतरी अंगात मुरलं असेल.

वस्तूही ती स्वतः पारखून घ्यायची. करेजच्या जाकिटाच्या काजात अडकवलेला तो चमचा बघ, म्हणजे कळेल. या प्रयोगाचा चित्रपट पूर्व जर्मनीत १९६१ साली आला, तो मिळाला तर नक्की पाहा.

१९४९मध्येच बर्लिनर आन्सांब्ल हे त्यांचं नाट्यमंडळ सुरू झालं आणि प्रमुख तीच होती. १९५६ साली ब्रेख्त गेला, तरी मरेपर्यंत, म्हणजे १९७१पर्यंत, तिनं ते चालवलं. त्याच वर्षी, मृत्यूच्या थोडंच आधी, पॅरिसजवळ तिचा शेवटचा प्रयोग झाला. भूमिका पुन्हा तीच, पेलागेया व्लासोव्हा. वय सत्तर.

तू अजून पन्नाशीचीही नाहीस. दिग्दर्शकाला आजच होकार कळव आणि संहितेची एक प्रत मला पाठव. तुझ्या वाक्यांखाली रेघा मारून धाड, म्हणजे फोनवर समोरची पात्रं मी वाचेन.

तुझी,
अनघा