दोन सिलिंडरच्या ट्रॅक्टरला तीन नोझलचं बिल कसं काय लावलं?

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : पावसाळ्यानंतरच्या फुल सर्व्हिस पॅकेजमध्ये काम न करता घेतलेले पैसे परत मिळणेबाबत

सर/मॅडम,

फोनवर तीनदा सांगून झालंय, दरवेळी नवीन मुलगी उचलते आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लावते, म्हणून आता एकदाच लिहून पाठवतोय. जरा मोठं होईल पण पूर्ण वाचा.

आमचा ट्रॅक्टर एचएमटी २५११. वडिलांनी घेतलेला, माझ्या लग्नाच्या आधीचा. २५ एचपी, दोन सिलिंडर, मूळ डिझाइन झेटॉर या झेक कंपनीचं. दोन सिलिंडर हे आत्ताच लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. ही कंपनी हरियाणातल्या पिंजोरला १९७१ पासून ट्रॅक्टर बनवायची आणि २०१६ मध्ये सरकारनं ते युनिट बंद करायचा निर्णय घेतला, त्यामुळं पार्ट मिळायची बोंब आहे हे आम्हाला माहितीये, त्याचा दोष तुम्हाला देत नाही.

यंदा वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मी दिवसभर दुकानात, त्यामुळं मे अखेरपासून ट्रॅक्टर शेडमध्ये उभा तो उभाच. पत्रा एका बाजूनं गळतो. चार महिने कुणी सेलसुद्धा (स्टार्टर) मारला नाही, बॅटरीची वायर काढून ठेवली नाही, आणि टाकीत डिझेल जेमतेम पाव. ही आमची चूक, मान्य आहे. टाकी रिकामी ठेवली की आतल्या हवेतला दमटपणा पत्र्याला धरतो आणि पाणी होऊन तळाला बसतं, हे वडील दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी टाकी फुल करून ठेवतात, यंदा त्यांना शेडपर्यंत जाताच येत नव्हतं. म्हणूनच तर तुमचं पॅकेज घेतलं ना. जाहिरातीत लिहिलंय "बंद पडून राहिलेल्या ट्रॅक्टरची घरपोच संपूर्ण तपासणी". ४,५०० रुपये आधीच ऑनलाइन भरले.

गौरी-गणपती झाल्यावर तुमचा मेकॅनिक मुलगा आला. बोलायला चांगला होता, त्याच्याबद्दल राग नाही. पण त्याच्या मोबाईलमधल्या ॲपमध्ये एचएमटीच नव्हता! मग त्यानं दुसरंच कुठलंतरी मॉडेल टाकलं आणि म्हणाला, "काका, काही फरक पडत नाही, एंट्री व्हावी लागते." फरक पडला. ॲपनं तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर धरला आणि बिलात आलं "नोझल क्लीनिंग ३ नग, १,३५०". अहो नोझल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, सिलिंडरला एक, म्हणजे आमच्या इंजिनाला नोझलच दोन आहेत, तिसरं कुणाचं साफ केलं? आणि जी दोन आहेत त्यांच्या नटावरचा चार महिन्यांचा गंज तसाच आहे, पाना लागल्याची एक खूण नाही. फोटो काढून ठेवलेत, सोबत जोडतोय.

पुढं ऐका. त्यानं डिझेल फिल्टर बदलला, हे खरं, माझ्यासमोर बदलला. पण टाकीच्या खालचा ड्रेनचा नट काही खोलला नाही. तळातलं पाणी तसंच, ते आलं नवीन फिल्टरमध्ये, वर फिल्टर बदलताना लाइनमध्ये हवा घुसली ती वेगळीच, आणि हवा असली की इंजिनाला डिझेल पोचत नाही. एअर काढायची म्हणजे फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारायचा, बुडबुडे थांबेपर्यंत, मग इंजिनाच्या डिझेल पंपावर तसंच. गावातलं शाळकरी पोरगं करतं हे. त्यानं काय केलं, नुसता सेल मारत बसला. अर्धा मिनिट, पाऊण मिनिट, परत, परत, सेल गरम होऊन वास यायला लागला. वडील खाटेवरून ओरडतायत "अरे थांब, एअर धरलीय त्यानं" आणि हा म्हणतो बॅटरी वीक आहे. आता वीक होणार नाही तर काय होणार? चार महिने उभी असलेली बॅटरी, तिचं उरलंसुरलं पण त्यानंच काढलं. मग बॅटरी डेड दाखवून तुमच्याच कंपनीची नवीन बॅटरी ६,८०० ला गळ्यात घातली. मी घाईत होतो, घेतली. जुनी तो घेऊन चालला होता, वडील म्हणाले राहू दे, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू होईल. बरं झालं म्हणायचं.

नवीन बॅटरीवर पण ट्रॅक्टर चालू झाला नाहीच. होणार कसा? मग त्यानं क्लच दाबून गिअर टाकून बघितला, सेल मारला तर क्लच दाबलेला असूनही ट्रॅक्टरनं जागेवरच हिसका दिला. लगेच निदान, क्लच प्लेट गेली, ट्रॅक्टर मधून खोलावा लागेल, १८,००० चा अंदाज, पार्ट मिळाला तर. आणि जाता जाता सल्ला, "काका, भंगारात काढा, नवीनचं लोन करून देतो." चेकलिस्टवर बावीस टिका मारून, माझी सही घेऊन गेला.

ती चेकलिस्ट माझ्यासमोर आहे. "इंजिन ऑइल बदलले". डिपस्टिक काढली तर डांबर. नवीन ऑइल चालवलं की काळं पडतं एवढं मलाही कळतं हो, पण ट्रॅक्टर चालूच झाला नव्हता! "एअर क्लीनर साफ केला". खालची वाटी काढली तर जुन्या ऑइलचा चिखल, आणि वरच्या पाइपात कुंभारीण माशीनं केलेलं मातीचं घर अख्खंच्या अख्खं. "वायरिंग तपासले". हेडलाइटची वायर उंदरानं कुरतडून तांबं उघडं पडलंय, बोनेट उचललं की पहिलं तेच दिसतं.

शेवटी तिसऱ्या दिवशी आमच्या इथल्या मिस्त्रींना आणलं, वय सत्तरच्या पुढं. त्यांनी आधी टाकी ड्रेन केली, बादलीत दीड-दोन लिटर पाणी आणि गंजाचा गाळ निघाला. मग एअर क्लीनर आणि पाइप साफ केला, एअर काढली, तिसऱ्या सेलला ट्रॅक्टर सुरू. क्लचचं म्हणाल तर प्लेट गेलेलीच नव्हती, दमटपणानं फ्लायव्हीलला (इंजिनाच्या मागच्या जड चाकाला) चिकटली होती. अर्धा तास इंजिन गरम होऊ दिलं, बंद केलं, समोरचं रान मोकळं बघून, आम्हाला सगळ्यांना बाजूला करून वरच्या गिअरमध्ये टाकला, क्लच पूर्ण दाबून सेल मारला, ट्रॅक्टर पळायला लागल्यावर क्लच दाबलेलाच ठेवून ब्रेकचे दोन दणके दिले, खट्ट आवाज आला आणि सुटली. १८,००० चं काम. त्यांनी ५०० घेतले, ते पण चहा पिऊन झाल्यावर वडिलांनी खिशात कोंबले म्हणून. आणि ती डेड बॅटरी, खुराड्यापासून आणून डिस्टिल वॉटर टाकून रात्रभर हळू चार्जिंगला लावली, सकाळी हायड्रोमीटर सगळ्या खान्यांत बाराशे पन्नासच्या आसपास दाखवत होता, म्हणजे बॅटरी चांगली.

पण या सगळ्यात चार दिवस गेले. आमच्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी वाफशावर, म्हणजे रानात बेताची ओल असतानाच पेरायची असते, वाफसा काय तुमच्या अपॉइंटमेंटसाठी थांबत नाही. ऊन पडलं, वरची ओल गेली, शेवटी निम्मं रान भाड्याच्या ट्रॅक्टरनं पेरून घेतलं, त्याचे पैसे वेगळे गेले. ते मी तुमच्याकडं मागत नाही, कारण सिद्ध करत बसायला वेळ नाही.

मागतोय ते एवढंच. नोझलचे १,३५० पूर्ण परत. पॅकेजच्या ४,५०० मधून फिल्टरची किंमत धरून घ्या आणि बाकीचे परत करा. नवीन बॅटरी पॅक करून ठेवलीय, घेऊन जा आणि ६,८०० द्या. आणि चेकलिस्टवर जे काम झालंय म्हणून टिक आहे त्याचे फोटो तुमच्याकडं असतील तर मला पाठवा, ॲपमध्ये फोटो टाकावे लागतात असं तो मुलगाच म्हणाला होता. मला तर वाटतं तुम्ही त्याला दिवसाला पाच-सहा ट्रॅक्टर उरकायला लावत असणार. त्याच्या पगारातून कापून मला पैसे देऊ नका, मॉडेल नसताना बुकिंग घेतलं कुणी ते बघा.

पंधरा दिवस वाट बघतो. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकणार आणि तिथंही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, एवढ्याशा रकमेला तिथं फी पण लागत नाही, चौकशी केलीय.

फोन संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा रानात रेंज नसते.

आपला,
एक ग्राहक, ता. मंगळवेढा, जि. सोलापूर

ता.क. : बॅटरी न्यायला येणाऱ्यानं आधी फोन करून यावं. वडील आता काठी घेऊन शेडपर्यंत जायला लागलेत, आणि तुमच्या कंपनीचा शर्ट बघितला की ते तिसरं नोझल दाखव म्हणणार.