बीडीएसची तयारी : रविवारी वेळापत्रक घेऊन या

अभ्यास गटातल्या सर्वांना,

येत्या रविवारी सकाळी ९.३० ला नेहमीच्या खोलीत बसायचं आहे. प्रत्येकाने आपलं वेळापत्रक कागदावर लिहून आणा, मोबाइलमधलं नको.

बीडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीला, वेगळी प्रवेश परीक्षा नाही, एमबीबीएसची ‘नीट’ ही प्रवेश परीक्षाच आपल्यालाही द्यायची आहे. २०२५ पासून १८० प्रश्न, १८० मिनिटं आणि सगळे प्रश्न सक्तीचे. पूर्वीसारखे पर्यायी प्रश्न उरलेले नाहीत. ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे, म्हणून एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं रोज उघडली गेलीच पाहिजेत.

मागच्या वेळी बऱ्याच जणांनी भौतिकशास्त्र रात्री अकरानंतर टाकलं होतं. तिथेच गाडी अडते. गणितं ताज्या डोक्याने सोडवायची असतात, ती सकाळी घ्या. सराव पेपर मात्र दुपारी २ ते ५ या परीक्षेच्याच वेळात, ओएमआर शीटवर पेनाने गोळे रंगवून. जेवणानंतर पेंग येतेच; तिची सवय आत्ताच मोडायला हवी. चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, त्यामुळे चुकांच्या वहीसाठी दुसऱ्या दिवशीचे दोन तास राखून ठेवा. त्यात नवा धडा घुसवू नका, कितीही मागे पडला असलात तरी.

बारावीची प्रात्यक्षिकं बाकी असलेल्यांनी त्या तारखा वेगळ्या रंगाने लिहा.

ज्यांना जमणार नाही त्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत कळवावं. वेळापत्रक अर्धवट असेल तरी या, उरलेलं आपण सोबत बसून पूर्ण करू.