टिटवीच्या राखणदार आबांना

ती. आबा,

साष्टांग नमस्कार. हे पत्र नातू तुम्हाला वाचून दाखवील. चारचौघांत लिहायलोय, कारण त्या दिवशी तुम्ही मला झापलं तेही चारचौघांतच.

कॅमेरा घेतला तेव्हा मला वाटायचं, पक्षी बघायचे तर लांब जावं लागतं. जायकवाडीचा नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, म्हणून हिवाळ्यात दोनदा पैठणला जाऊन आलो. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसले, पण पार पाण्याच्या मधोमध. फोटोत गुलाबी ठिपके आले. आणि तुमच्या वावरात, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, टिटवी ढेकळांत अंडी घालून बसली होती, ती मला दिसली नाही. दाखवली तुम्हीच.

चार अंडी, मातकट, काळ्या डागांची, निमुळती टोकं आत वळवून ठेवलेली. काड्या नाहीत, गवत नाही, नुसते खडे. मी लगेच पालथा पडून फोटो काढायला लागलो. मध्ये येणारं एक ढेकूळही बाजूला केलं. दुपारचे बारा, वैशाखाचं ऊन, टिटवी डोक्यावर घिरट्या घालून बोंबलायलेली. मला वाटलं, काय झकास सीन आहे!

"काय करायलास रे तिथं? ऊठ आधी! तुझ्या फोटूपायी अंडी शिजतील ना तिची!"

ट्रॅक्टरवाला हसला, बांधावरच्या बायका हसल्या. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही ते ढेकूळ होतं तसं परत ठेवलं आणि मला पंचवीस पावलांवरच्या कडब्याच्या गंजीआड नेऊन बसवलं. "हालू नको. तीच येईल."

आली. पण सरळ नाही. भलत्याच जागी उतरली, चार पावलं चालली, थांबली, परत चालली. घरटं तिकडंच आहे असं भासवून अखेर इकडं येऊन बसली. दुसऱ्या दिवशी त्याच गंजीआडून पाहिलं, ती जनावरांच्या हौदाखालच्या ओलीत पोट टेकून पिसं भिजवत होती. तशीच ओली येऊन अंड्यांवर बसली. पोटाच्या पिसांवरून थेंब ओघळताना भिंगातून दिसला, तेव्हा बटण दाबायचंच राहून गेलं. आता नर-मादी आळीपाळीने बसतात हेही कळलंय, पण कोण कोणतं ते अजून ओळखू येत नाही.

आभार खरे पुढच्या गोष्टीचे. रोटाव्हेटर आला तेव्हा तुम्ही घरट्याभोवती चार काठ्या रोवल्या. ट्रॅक्टरवाला म्हणाला, टिटवी अपशकुनी, रात्री ओरडली की गावातलं कुणीतरी जातं, तिला कशाला राखता? तुम्ही म्हणालात, "मंग मी कवाच जायला पायजे होतं." मिरगाचा पाऊस झाला, गावभर पेरण्या लागल्या, तरी तेवढा तुकडा तुम्ही सोडलाच. चार आठवडे उलटत आले तेव्हा पिलं निघाली. चारपैकी तीन. अंगावरचा ओलावा सुकतो न सुकतो तोच आईमागं धावायला लागली. तिनं आवाज दिला की जागच्या जागी गप! मातीत माती. नंतर तुम्ही तिथं हातानं सोयाबीन टोकलं. ते आठ दिवस मागं पडलंय, ते मला येता-जाता दिसतं.

आणि हेच तुम्ही हिवाळ्यात ज्वारीवर भोरड्या पाखरांचे थवे उतरले की गोफण फिरवता, शिव्या हासडता. मागं मी हसलो तेव्हा म्हणालात, "ती खायला येती, ही ऱ्हायला आली." यावर मी काय बोलणार?

पैसे विचारले तर तुम्ही माझ्याकडं असं बघितलं की परत विचारायची हिंमत झाली नाही. मागितलं काय, तर बैलाचा फोटो. मोठा करून आणलाय, उद्या घेऊन येतो. डावं शिंग जरा कापलं गेलंय. पोळ्याला रंगवून उभा करा, परत काढू.

तुमचा,
गंजीआडचा फोटूवाला